मोटर जळली, हे ठरवलं कुणी?

प्रश्न : मामांनी त्यांचं लहानपणचं मॉडेल रेल्वेचं इंजिन मला दिलं. ट्रायअँगचं ‘जिंटी’, सहा चाकांचं काळं टँक इंजिन. कित्येक वर्षं ते खोक्यात पडून होतं. मी १२ व्होल्टचा नवा कंट्रोलर जोडून ते रुळावर ठेवलं. ते गुणगुणलं, इंचभर सरकलं आणि थांबलं. थोड्या वेळाने जळकट वास आला, इंजिन गरम झालं. व्हिडिओ पाहून एका दुरुस्ती करणाऱ्याने सांगितलं, मोटर जळलीय, काढून आधुनिक मोटर बसवू. जुनी मॉडेल्स जमवणारे एक ओळखीचे म्हणाले, अजिबात हात लावू नका, मूळ अवस्था गेली की सगळं गेलं. मामांच्या वाढदिवसाला ते चालवून दाखवायचं, असं मी मनात धरलंय. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. मला यातलं काही येत नाही. नवी मोटर बसवू, की आहे तसं कपाटात ठेवू?

उत्तर : तुम्हाला दोन सल्ले मिळालेत आणि दोन्ही देणाऱ्यांनी मोटर उघडून पाहिलेली नाही. एकाने व्हिडिओवरून ती गेली म्हणून सांगितलं, दुसऱ्यांनी ती आहे की गेली याची चौकशीच नको म्हटलं. त्यातला एक सल्ला निवडायला तुम्ही निघालात, पण ती वेळ अजून आलेली नाही. आधी बिघडलंय काय ते पाहू. त्यासाठी कारागीर असावं लागत नाही. बारीक स्क्रूड्रायव्हर, कापसाच्या काड्या, टूथपिक, आयसोप्रोपाइल अल्कोहोल, साधा मल्टिमीटर आणि घाई नसलेली एखादी दुपार पुरते.

जळकट वास आला म्हणजे मोटर जळली, असं नाही. साठेक वर्षांपूर्वी बेअरिंगमध्ये घातलेलं तेल आता तेल राहिलेलं नसतं, त्याचा तपकिरी चिकट थर झालेला असतो. त्या थरात आर्मेचरचा, म्हणजे मोटरीतल्या तारेच्या कॉइल गुंडाळलेल्या फिरत्या भागाचा, दांडा अडकून बसतो. मोटर फिरत असते तेव्हा ती स्वतःच उलट दिशेने थोडा व्होल्टेज तयार करते आणि त्यामुळे करंट आटोक्यात राहतो. अडकलेल्या मोटरीत तो उलटा व्होल्टेज तयारच होत नाही. मग सगळा करंट कॉइलमधून जातो आणि कॉइल तापते. तापलेल्या जुन्या तेलालाही उग्र वास येतो. म्हणजे तुम्ही लिहिलेली सगळी लक्षणं, गुणगुणणं, इंचभर सरकणं, तापणं, वास, नुसत्या सुकलेल्या तेलाने येऊ शकतात. अशी बरीच वर्षं पडून राहिलेली इंजिनं उघडली की बहुतेक वेळा हेच निघतं. अशा वेळी नवी मोटर बसवणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पण दुखणं साधं असलं तरी ते वाढू शकतं. अडकलेल्या मोटरीला पुन्हा पुन्हा वीज देत राहिलात, तर आज शाबूत असलेली कॉइल उद्या खरोखर जळेल. म्हणून तपासणी होईपर्यंत तिला वीज देऊ नका. इंजिन हाताने रुळावर ढकलूनही पाहू नका. या मोटरीच्या दांड्यावर वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला गिअर, असतो आणि तो चाकांच्या आसावरचा गिअर फिरवतो. वर्म गिअरला फिरवतो, गिअर वर्मला फिरवू शकत नाही. ढकलण्याचा सगळा जोर त्या बिचाऱ्या दात्यांवर येतो.

आता ‘हात लावू नका’ या सल्ल्याकडे येऊ. त्यामागची काळजी मला मान्य आहे. जुन्या वस्तूंचं सर्वांत जास्त नुकसान उत्साहाने केलेल्या दुरुस्तीतच होतं. पण मूळ अवस्था म्हणजे नेमकं काय? कार्बन ब्रश, म्हणजे फिरत्या आर्मेचरला वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे, झिजण्यासाठीच असतात, तेल संपण्यासाठीच असतं. ट्रायअँगची ही उघड्या सांगाड्याची मोटर, जी एक्स.०४ म्हणून ओळखली जाते, ती वेळोवेळी तेल घालायची, ब्रश बदलायची अशाच बेताने बनवलेली आहे. सुकलेलं तेल जपण्यात मला काही अर्थ दिसत नाही. जपायचं ते आर्मेचर, चुंबक, सांगाडा, रंग, अक्षरं. साफसफाई आणि वंगण ही देखभाल झाली, त्याने मूळपण जात नाही. चॅसिस, म्हणजे चाकं आणि मोटर जिच्यावर बसतात ती खालची चौकट, कापून वेगळी मोटर बसवणं ही मात्र वेगळीच गोष्ट आहे, कापलेला धातू परत जोडता येत नाही. माझा साधा नियम असा, की जे उद्या पूर्ववत करता येईल ते आज निःशंकपणे करावं आणि जे पूर्ववत करता येणार नाही त्यासाठी आधी दुसरा कुठलाच मार्ग उरलेला नसावा.

तुमच्या बाजूने एक चांगली गोष्ट आहे. लाइन्स ब्रदर्सने ‘ट्रायअँग रेल्वेज’ हे नाव १९५२ मध्ये बाजारात आणलं, १९६४ मध्ये हॉर्नबी बनवणारी मेकॅनो कंपनी ताब्यात घेतली आणि १९७१ मध्ये लाइन्स ब्रदर्सच बुडाली. पण या मोटरी इतक्या इंजिनांत बसवल्या गेल्या की त्यांचे ब्रश, स्प्रिंगा, चुंबक आजही नव्याने बनवून विकले जातात. तुम्ही एखादा भाग बिघडवलात तरी सगळं संपलं, असं होणार नाही. भीती थोडी कमी करा.

सुरुवात फोटोंपासून करा. प्रत्येक स्क्रू सोडवण्याआधी एक फोटो काढा. बॉडी काढून बाजूला ठेवा आणि तिच्याजवळ अल्कोहोल नेऊ नका. ॲसिटोन तर टेबलावरही नको, पॉलिस्टायरीनचं प्लास्टिक त्यात विरघळतं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून रंग घासायच्या भानगडीत पडू नका. नंतर मोटर चॅसिसवरून अख्खी सोडवून घ्या. अख्खी म्हणजे तिचे भाग सुटे न करता.

यावर मी अडून बसणार आहे, कारण अनेक हौशी माणसं नेमकी इथेच फसतात. या मोटरीतला चुंबक अल्निको जातीचा आहे, म्हणजे लोखंडासोबत ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांचा मिश्रधातू. चुंबक, त्याच्या दोन बाजूंच्या लोखंडी पट्ट्या आणि मधलं आर्मेचर मिळून चुंबकीय रेषांचा एक बंद रस्ता तयार होतो. तो रस्ता मोडला की अल्निको स्वतःच्याच क्षेत्राने स्वतःला दुबळा करतो. आर्मेचर बाहेर काढलं, स्वच्छ पुसलं, परत बसवलं, सगळं काही नीट, पण मोटर आधीपेक्षा अशक्त, असं होतं ते यामुळे. साफसफाईसाठी आर्मेचर काढावंच लागत नाही. पुढे कधी काढायची वेळ आलीच, तर ते बाहेर सरकत असतानाच त्या लोखंडी पट्ट्यांवर मऊ लोखंडाचा तुकडा आडवा लावून रस्ता बंद ठेवायचा. आणि चुंबक काढण्याआधी त्याची वरची बाजू खूण करून ठेवायची, कारण उलटा बसला तर इंजिन उलट्या दिशेने पळेल.

मोटर हातात आली की चॅसिसवरची चाकं बोटाने फिरवून पाहा. मोटर नसताना ती सहज फिरायला हवीत. अडत असतील तर निम्मा दोष तिथेच आहे. आसांवरचे गुंडाळलेले केस, धागे चिमट्याने काढा, चाकांच्या कडांवरचा काळा थर पुसा. पण चाकं आसावरून उपटू नका. दोन बाजूंच्या चाकांवरच्या जोडदांड्यांच्या खुंट्या एकमेकींशी ९० अंशांत असतात. तो कोन बिघडला की इंजिन लंगडतं आणि तो पुन्हा जुळवणं नवख्याचं काम नाही.

मग वर्म दोन बोटांत धरून हळूच फिरवा. आधी अल्कोहोलचा एक थेंब दोन्ही बेअरिंगपाशी सोडा, थोडं थांबा, मागेपुढे हलवत राहा. तपकिरी पाणी बाहेर यायला लागेल. ते कापसाने टिपा, पुन्हा थेंब सोडा. काही वेळाने दांडा सुटतो आणि तो क्षण बोटांना स्पष्ट कळतो. सुटल्यावर तो गुळगुळीत फिरणार नाही, ठरावीक अंतराने खुटखुट अडल्यासारखा, पुढच्या जागी उडी घेतल्यासारखा फिरेल. घाबरू नका. ती चुंबकाची ओढ आहे. ती जाणवत असेल तर चुंबकात जीव आहे. दांडा अगदी मोकळा, कुठेच न अडता फिरला, तरच मला काळजी वाटेल.

आता ब्रश. या मोटरीत एकच तारेची स्प्रिंग दोन्ही ब्रशना दाबून धरते आणि तिच्या एका पायावर इन्सुलेशनची बारीक नळी असते. ती नळी हरवली किंवा तडकली, तर दोन ब्रश त्या तारेतून थेट जोडले जातात, शॉर्ट होतो. बऱ्याच ‘मेलेल्या’ मोटरी या एवढ्याशा नळीपायी मेलेल्या असतात. स्प्रिंग काढताना बोट वर धरून ठेवा, नाहीतर ती उडून जाईल. कुठला ब्रश कुठल्या बाजूचा, हे लिहून ठेवा. ब्रशचं टोक कम्युटेटरच्या, म्हणजे ब्रश ज्यावर टेकतात त्या दांड्यावरच्या तांब्याच्या गोल भागाच्या, गोलाईप्रमाणे झिजलेलं असतं, बाजू बदलली तर ते पुन्हा नव्याने झिजेपर्यंत ठिणग्या उडत राहतात. ब्रश फारच आखूड झाले असतील तर जोडीने बदला. स्प्रिंग जास्त जोरात दाबावी म्हणून वाकवू नका, त्याने कम्युटेटर झिजतो.

ब्रश निघाले की कम्युटेटर समोर दिसतो. तांब्याचे तीन तुकडे, मध्ये तीन बारीक फटी. कापसाची काडी अल्कोहोलमध्ये ओली करून त्यावर टेकवा आणि वर्म फिरवत राहा. काडी काळीभोर होईल. दुसरी घ्या. काळं येणं थांबलं की टूथपिकचं टोक प्रत्येक फटीतून अलगद ओढा. तिथे कार्बनची भुकटी आणि तेल यांचं जे मळकट मिश्रण भरलेलं असतं, ते वीज वाहून नेतं आणि शेजारचे तुकडे आपापसात जोडतं. तांब्यावर हलका तपकिरी रंग राहिला तर राहू द्या, तो चांगला. चकचकीत करण्याच्या मोहाने सँडपेपर लावू नका. त्याचे कण तांब्यात रुततात, ब्रश खातात. काचेच्या तंतूंची घासण्याची पेन्सिलही इथे नको, तंतू बेअरिंगमध्ये शिरतात.

याच वेळी मल्टिमीटर घ्या. मोटर जळली का, याचं उत्तर इथे आहे, व्हिडिओत नाही. ब्रश बाहेर असतानाच तुकडा एक-दोन, दोन-तीन आणि तीन-एक असे तीन रोध मोजा. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तर कॉइल शाबूत आहेत. तीन कॉइल त्रिकोणात जोडलेल्या असतात, त्यामुळे एखादी तुटली तर एक आकडा बाकीच्या दोन आकड्यांच्या दुप्पट येतो. एखादा आकडा शून्याच्या जवळ आला तर तिथे शॉर्ट आहे. शेवटी एक टोक दांड्याला आणि दुसरं प्रत्येक तुकड्याला लावून पाहा, तिथे जोड दिसायला नको. तुटलेली कॉइल दिसली तरी लगेच हार मानू नका. पुष्कळदा तार कम्युटेटरला जिथे सोल्डर केलेली असते तिथेच सुटलेली असते आणि तो डाग पुन्हा देता येतो. दोन ब्रशांच्या मध्ये टीव्हीतली खरखर थांबवण्यासाठी छोटा कपॅसिटर जोडलेला असेल, तर त्याचं एक टोक सोडवून तोही तपासा. जुने कपॅसिटर आतून शॉर्ट होतात आणि दोष मात्र मोटरीच्या माथी येतो.

सगळं परत बसवल्यावर वंगण. प्लास्टिकला चालणारं पातळ तेल सुईच्या टोकाने, प्रत्येक बेअरिंगला एक थेंब. वर्मवर किंचित ग्रीस. कम्युटेटरवर काहीही नाही. जास्तीचं तेल थेट ब्रशपर्यंत पोहोचतं आणि तुमची सगळी मेहनत वाया घालवतं. गंज सोडवणारे फवारे घराघरांत असतात, ते वंगण म्हणून वापरू नका. ते धूळ धरतात आणि पुन्हा चिकटा करतात.

पहिली चाचणी सुट्या मोटरीवर, ९ व्होल्टच्या बॅटरीने, एक-दोन सेकंद. फिरली तर मग चॅसिसवर बसवा आणि कंट्रोलर शून्यापासून हळूहळू वाढवा. काही मिनिटं चालवा, थांबवा, बोट लावून पाहा. कोमट चालेल. बोट ठेववत नसेल तर थांबा. मोटर रिकामी असताना सुसाट फिरते, पण दोन डबे जोडले की दम सोडते आणि तापते, असं झालं तर चुंबक दुबळा झालाय. तेव्हा दोन मार्ग आहेत. तीव्र चुंबकीय क्षेत्राचा झटका देणारं यंत्र काही जुन्या मॉडेलच्या दुरुस्ती करणाऱ्यांकडे असतं, त्यावर मूळ चुंबकात पुन्हा जोर भरता येतो. किंवा याच मापाचा निओडिमियम चुंबक त्या जागी बसवता येतो आणि जुना खोक्यात जपून ठेवता येतो. मी पहिला मार्ग आधी विचारेन, पण दुसराही मला मान्य आहे, कारण तो उलटवता येतो. पूर्ण आधुनिक मोटर बसवण्याचा विचार आर्मेचर खरोखर गेलं असेल आणि बदली आर्मेचर मिळतच नसेल तरच. तेव्हासुद्धा चॅसिस न कापता बसणारी मोटर मागा. ती कमी करंट घेते, संथ वेगात सुंदर चालते, हे खरं आहे. फक्त ते मग वेगळं इंजिन होतं.

हा मजकूर ज्यांच्याकडे दुसऱ्या जातीची इंजिनं आहेत तेही वाचतील, त्यांच्यासाठी थोडं. हॉर्नबी डब्लो १९३८ मध्ये तीन रुळांवर, १२ व्होल्ट डीसीवर सुरू झालं. त्याच्या चुंबकालाही वरची सगळी पथ्यं लागू आहेत. जुन्या मार्कलिन आणि लायोनेल इंजिनांत कायमचा चुंबक नसतो, त्याऐवजी विजेने चुंबकासारखं काम करणारी फील्ड कॉइल असते आणि ती इंजिनं एसीवर चालतात. त्यांना आर्मेचर काढल्याने काही होत नाही. उलट तुमच्या जिंटीसारखं डीसी इंजिन एसीवर ठेवलं तर ते चालणार नाही, नुसतं थरथरून तापेल. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या इंजिनांत जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग फुगलेले, तडकलेले दिसले, तर ते मूळ धातूत शिसं मिसळल्यामुळे आतून होणारं क्षरण असतं. ते थांबवता किंवा भरून काढता येत नाही. अशा इंजिनाला मात्र मीही म्हणेन, चालवू नका. आणि जुना मूळ ट्रान्सफॉर्मर कुणाकडे असेल तर तो भिंतीच्या प्लगला लावू नका. त्यातल्या वायरींचं रबर आणि कापड सुकून गळलेलं असतं. खोक्यासोबत ठेवा, वापरायला नवा कंट्रोलर घ्या, जसा तुम्ही घेतलात.

आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टीबद्दल लिहितो. मामांना चकित करायचं, हे तुम्ही गृहीत धरलंय. इंजिन त्यांनी तुम्हाला दिलं आहे, अधिकार तुमचा आहे, यात वाद नाही. पण ते कधी बंद पडलं, बंद पडण्याआधी काय झालं होतं, मोटर पूर्वी कुणी उघडली होती का, कुठलं तेल घातलं होतं, आर्मेचर कधी बाहेर काढलं होतं का, ही सगळी माहिती फक्त त्यांच्याजवळ आहे आणि ती मल्टिमीटरइतकीच कामाची आहे. शिवाय हे इंजिन लहानपणी ज्यांनी उघडझाप करून चालवलं, त्यांना तयार चालतं इंजिन पाहण्यापेक्षा स्वतः कापसाची काडी हातात घ्यायला जास्त आवडेल, असंही असू शकतं. कदाचित नसेलही. काही जणांना जुन्या वस्तू उकरलेल्या नको वाटतात. तुम्ही त्यांना ओळखता, मी नाही. ‘मामा, तुमची जिंटी उघडून पाहू का?’ एवढंच विचारा आणि ते काय म्हणतात यावरून ठरवा. चकित होण्याचा आनंद थोडा कमी होईल. पण गुपचूप उघडताना काही मोडलं, तर ते वाढदिवसाला सांगण्याचा प्रसंग तुमच्यावर येणार नाही.

तपासणीनंतरही दुरुस्ती करणाऱ्याकडे जावंसं वाटलं, तर जरूर जा, त्यात कमीपणा नाही. फक्त तीन रोधांचे आकडे लिहून न्या. आर्मेचर बाहेर काढणार असाल तर चुंबकासाठी काय करता, हे विचारा. उत्तर लगेच आणि नीट आलं तर इंजिन त्यांच्या हाती द्या. बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागून घ्या. आणि काम कुणीही केलं तरी एका कागदावर तारीख, घातलेलं तेल, बदललेले भाग एवढं लिहून तो कागद खोक्यात टाका. वर्षाकाठी एकदा थेंबभर तेल द्यायचं आहे, तेव्हा तो लागेल.